मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांचे निगमन

मुक्त परवान्याखाली संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्या स्वयंसेवकांच्या समूहास कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तित्व प्राप्त करून देण्याची प्रक्रिया. निगम, नोंदणीकृत संघ, न्यास वा प्रतिष्ठान यांपैकी एखादे रूप स्वीकारल्याने असा समूह स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करू शकतो, करार करू शकतो, देणग्या स्वीकारू शकतो आणि न्यायालयात वादी अथवा प्रतिवादी म्हणून उभा राहू शकतो. १९८५ नंतरच्या चार दशकांत या प्रक्रियेची अनेक प्रतिमाने निर्माण झाली. त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : जे काम कोणा एकाचे नाही, त्याचे नाव, पैसा व हक्क कोणाच्या हाती सुरक्षित राहतील?

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कोणत्याही हेतूसाठी वापरण्याचे, अभ्यासण्याचे, त्यात फेरबदल करण्याचे आणि मूळ वा सुधारित स्वरूपात इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्यास असते, असे सॉफ्टवेअर होय. येथे ‘मुक्त’ या शब्दाने स्वातंत्र्य अभिप्रेत असून विनामूल्यता नव्हे. असे सॉफ्टवेअर अनेक देशांत विखुरलेल्या व्यक्ती परस्परांच्या सहकार्याने लिहितात. त्यांतील कित्येकांची प्रत्यक्ष भेट कधीच झालेली नसते. वेतन, नेमणूकपत्र वा सभासदत्वाची पावती यांपैकी काहीही त्यांच्यामध्ये नसते. ज्या मुक्त परवान्याखाली हे काम प्रसिद्ध होते, तो प्रताधिकाराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, कायद्यावर आधारलेला असतो. त्यामुळे संस्था नसतानाही काम चालू शकते. परंतु परवाना केवळ आज्ञावलींच्या वापराचे नियमन करतो. समूहाचे नाव, त्याचा निधी, त्याची यंत्रसामग्री आणि त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार यांविषयी तो काहीही सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी निगमनाचा मार्ग अवलंबिला गेला.

कायदेशीर व्यक्तित्वाची गरज : नोंदणी न झालेल्या समूहास बहुतेक देशांच्या कायद्यात स्वतंत्र अस्तित्व नसते. अशा समूहासाठी संगणक खरेदी केल्यास तो खरेदी करणाऱ्याच्या मालकीचा ठरतो. देणगीची रक्कम कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात जमा करावी लागते आणि त्यामुळे त्याच्या प्राप्तिकराचा प्रश्न उद्भवतो. जालावरील क्षेत्रनाम, म्हणजे ज्या पत्त्यावरून आज्ञावली मिळवावयाच्या तो पत्ता, कोणातरी व्यक्तीच्या नावावर असतो. ती व्यक्ती मृत्यू पावली, रुसली वा संपर्काबाहेर गेली, तर सर्व समूह खोळंबून राहतो.

दायित्वाचा प्रश्न याहून बिकट आहे. एकस्वाचा भंग झाल्याच्या आरोपावरून कोणी दावा लावल्यास तो समूहावर लावता येत नाही म्हणून समूहातील व्यक्तींवर लावला जाण्याचा संभव असतो. संमेलनासाठी सभागृह भाड्याने घेणारा कार्यकर्ता करारावर स्वतःची सही करतो व नुकसान झाल्यास त्याची भरपाई करण्यास स्वतःच बांधला जातो. निगमाच्या बाबतीत मात्र सभासदाचे दायित्व मर्यादित राहते आणि सभासद बदलले तरी निगम टिकून राहतो. मर्यादित दायित्व व अखंड उत्तराधिकार ही निगमाची दोन लक्षणे व्यापारी कंपन्यांसाठी विकसित झाली. विनावेतन काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांनाही नेमकी त्यांचीच आवश्यकता भासली.

याउलट, निगमनास विरोध करणारी मनोवृत्तीही या चळवळीत प्रारंभापासून आहे. संचालक मंडळ, अध्यक्ष, कोषाध्यक्ष, वार्षिक सभा व हिशेब-तपासणी हे सर्व कायद्याला हवे असते. मुक्त प्रकल्पात मात्र ज्याचे काम चांगले त्याच्या शब्दाला वजन, असा अलिखित प्रघात असतो. कायद्याने निर्माण केलेली सत्ता आणि कामातून मिळालेला अधिकार यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाला निरनिराळ्या प्रकल्पांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्यांवरून या संस्थांचे प्रकार पडले आहेत.

प्रारंभ : रिचर्ड स्टॉलमन (१६ मार्च १९५३– ) यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू या मुक्त प्रचालन प्रणालीच्या निर्मितीचा संकल्प जाहीर केला व जानेवारी १९८४ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील नोकरी सोडून प्रत्यक्ष कामास आरंभ केला. ईमॅक्स या संपादन-आज्ञावलीच्या चुंबकीय फिती ते दीडशे डॉलरना विकत असत. मागणी वाढल्यावर हा व्यवहार एका व्यक्तीने चालविणे इष्ट राहिले नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यात ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ हा ना-नफा निगम स्थापन झाला. फितींची विक्री त्याच्याकडे गेली व मिळणाऱ्या उत्पन्नातून आणि देणग्यांतून प्रोग्रॅमरांना वेतन देणे शक्य झाले.

या संस्थेने प्रताधिकाराचे केंद्रीकरण ही पद्धत रूढ केली. ग्नूच्या अनेक आज्ञावलींत भर घालणारा लेखक आपल्या कामाचा प्रताधिकार लेखी दस्तऐवजाने संस्थेच्या नावे करून देई आणि तो कोठे नोकरीस असल्यास मालकाकडूनही हक्क सोडल्याचे पत्र घेतले जाई. मोबदल्यात संस्था ते काम सदैव मुक्तच ठेवण्याचे वचन देई. परवान्याचा भंग झाल्यास एकाच धारकाला कारवाई करता यावी, हा यामागील हेतू होता. १९८९ मध्ये ग्नू सार्वजनिक परवान्याची पहिली, १९९१ मध्ये दुसरी व २००७ मध्ये तिसरी आवृत्ती संस्थेने प्रसिद्ध केली. या प्रतिमानात हक्क व धोरण ही दोन्ही एकाच संस्थेच्या हाती एकवटली. त्यामुळे अंमलबजावणी सुकर झाली, परंतु संस्थेवर पूर्ण विश्वास असल्याखेरीज लेखकाने आपला हक्क देऊन टाकू नये, असा आक्षेपही पुढे आला.

नावाचा प्रश्न : आज्ञावली परवान्याने सुरक्षित असली, तरी तिचे नाव असुरक्षित राहू शकते, हे लिनक्सच्या उदाहरणावरून स्पष्ट झाले. लिनस टॉर्व्हाल्ड्स (२८ डिसेंबर १९६९– ) यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना लिनक्स या प्रचालन प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. त्यामागे कोणतीही संस्था नव्हती. १९९४ मध्ये प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एका अमेरिकन व्यक्तीने ‘लिनक्स’ हे व्यापारचिन्ह म्हणून आपल्या नावे मागितले व १९९५ मध्ये त्याची नोंदणी झाली. पुढील वर्षी लिनक्सवर आधारित उत्पादने विकणाऱ्यांकडे उत्पन्नातील हिस्सा मागणारी पत्रे येऊ लागली. टॉर्व्हाल्ड्स व काही व्यावसायिक संस्था यांनी नोंदणी रद्द व्हावी म्हणून अर्ज केला. १९९७ मध्ये तडजोड होऊन व्यापारचिन्ह टॉर्व्हाल्ड्स यांच्या नावे झाले. हजारो लोकांच्या श्रमाने मोठे झालेले नाव अशा रीतीने एका व्यक्तीच्या मालकीचे म्हणून सुरक्षित झाले, कारण ते धारण करील अशी सामूहिक व्यक्ती अस्तित्वात नव्हती. हा प्रसंग इतर प्रकल्पांना इशाऱ्यासारखा ठरला.

डेबियन आणि विश्वस्त संस्थेचे प्रतिमान : इयन मर्डॉक (१९७३–२०१५) यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन या लिनक्स-वितरणाची घोषणा केली. नोव्हेंबर १९९४ पासून एक वर्ष फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याला आश्रय दिला. तो संपल्यानंतर देणग्या घेण्यास व यंत्रसामग्री बाळगण्यास डेबियनजवळ कायदेशीर आधार उरला नाही. ब्रूस पेरेन्स हे प्रकल्पप्रमुख असताना १६ जून १९९७ रोजी न्यूयॉर्क राज्यात ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ हा ना-नफा निगम नोंदविण्यात आला. त्याच सुमारास डेबियनने आपला सामाजिक करार संमत केला. प्रकल्पाचे वापरणाऱ्यांशी व मुक्त सॉफ्टवेअरशी असलेले नाते त्यात नमूद केले आहे.

डिसेंबर १९९८ मध्ये संमत झालेल्या डेबियनच्या घटनेत प्रकल्प व निगम यांची सीमारेषा काटेकोरपणे आखली आहे. त्यानुसार डेबियनला स्वतः पैसा वा मालमत्ता धारण करण्याचा अधिकार नाही. ती त्याच्या वतीने निगमाकडे विश्वस्त म्हणून राहते. निगमाला डेबियनच्या तांत्रिक वा अन्य निर्णयांत हस्तक्षेप करता येत नाही आणि विश्वस्त म्हणून धारण केलेल्या मालमत्तेचा विनियोग वगळता डेबियनही निगमावर हुकमत सांगत नाही. डेबियनचा विकासक केवळ त्या नात्याने निगमाचा नोकर वा अभिकर्ता ठरत नाही. प्रकल्पप्रमुखाची निवड विकासक दरवर्षी पसंतिक्रमाने मत देऊन करतात, तर निगमाचे संचालक मंडळ निगमाच्या सभासदांकडून स्वतंत्रपणे निवडले जाते. स्वामित्व आणि शासन यांची ही जाणीवपूर्वक केलेली फारकत या क्षेत्रातील एक महत्त्वाची कल्पना मानली जाते. पुढे एकाच देशातील संस्थेवर सर्व भार राहू नये म्हणून फ्रान्स व स्वित्झर्लंड येथील संघांनाही डेबियनची मालमत्ता सांभाळण्यास मान्यता देण्यात आली.

या व्यवस्थेलाही वादांची झळ लागली. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा पुढे आली. ती व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा अर्ज वरील निगमाच्या नावे करण्यात आला. त्याच वर्षी एरिक रेमंड व पेरेन्स यांनी ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ ही वेगळी संस्था स्थापन केली आणि चिन्हावर हक्क कोणाचा, याविषयी दोन्ही संस्थांत मतभेद झाले. संज्ञा केवळ वर्णनपर असल्याने तिची नोंदणी होणे कठीण आहे, असे दिसून आल्यावर १९९९ मध्ये तो प्रयत्न सोडून देण्यात आला. नव्या संस्थेचे संचालक कोण, सभासद कोण व मालमत्ता कोणासाठी, हे आरंभीच स्पष्ट नसेल तर निगमनातूनच कलह उद्भवतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

अपाची प्रतिमान : इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेल्या जाल-सेवक आज्ञावलीचा मूळ लेखक १९९४ मध्ये केंद्र सोडून गेला आणि तिची निगा राखणारे कोणी उरले नाही. ती वापरणाऱ्यांनी आपापल्या दुरुस्त्या परस्परांना पाठविण्यास आरंभ केला. फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ प्रमुख सहभागींचा ‘अपाची समूह’ तयार झाला व एप्रिल १९९५ मध्ये अपाचीची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. सुमारे वर्षभरात ती इंटरनेटवर सर्वाधिक वापरली जाणारी जाल-सेवक आज्ञावली बनली.

१९९८ मध्ये आयबीएम कंपनीने आपल्या उत्पादनात अपाचीचा अंतर्भाव करण्याचे व तिच्या विकासात भाग घेण्याचे ठरविले. त्या वेळी ज्यांच्याशी करारमदार करावयाचे तो पक्ष कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. समूहाच्या सभासदांनाही एवढ्या मोठ्या वापराची जोखीम वैयक्तिकरीत्या पेलणे धोक्याचे वाटू लागले. परिणामी १९९९ मध्ये डेलावेअर राज्यात ‘अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन’ हा ना-नफा निगम स्थापन झाला.

या निगमाचे सभासद केवळ व्यक्तीच असू शकतात; कंपन्यांना सभासदत्व मिळत नाही. विद्यमान सभासद नव्या सभासदांची निवड त्यांच्या कामावरून करतात. सभासद नऊ जणांचे संचालक मंडळ निवडतात. प्रत्येक प्रकल्पासाठी मंडळ एक व्यवस्थापन समिती नेमते व तिचा अध्यक्ष निगमाचा उपाध्यक्ष, म्हणजे कायदेशीर अधिकारी, असतो. समितीने रीतसर मतदान करून प्रसिद्ध केलेली आवृत्ती ही त्यामुळे व्यक्तीची नव्हे, तर निगमाची कृती ठरते आणि तीत सहभागी असलेल्या स्वयंसेवकास संरक्षण मिळते. मतदानाच्या नियमांना तेथे असलेले महत्त्व औपचारिकतेपोटी आलेले नसून या कायदेशीर कवचातून आलेले आहे. लेखकाकडून प्रताधिकार न घेता केवळ व्यापक परवाना लेखी घेतला जातो. प्रताधिकार लेखकाकडेच राहतो. डेबियनने प्रकल्प निगमाबाहेर ठेवला, तर अपाचीने निगमाची रचनाच प्रकल्पाच्या कामकाजाप्रमाणे बेतली, असा या दोन प्रतिमानांतील भेद सांगता येईल.

जर्मनीतील संघ व प्रतिष्ठान : यूरोप खंडातील विधिपरंपरा वेगळी असल्याने तेथील प्रकल्पांनी निराळी रूपे स्वीकारली. १९०० पासून अंमलात असलेल्या जर्मन नागरी संहितेत अव्यापारी उद्दिष्टांसाठी नोंदणीकृत संघाची तरतूद असून नोंदणीच्या वेळी किमान सात सभासद आवश्यक असतात. गायनमंडळापासून क्रीडामंडळापर्यंत सर्वांच्या परिचयाचे हे रूप आहे. माटियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या केडीई या चित्रमय कार्यपरिसराच्या प्रकल्पाने नोव्हेंबर १९९७ मध्ये असा संघ स्थापन केला. आर्थिक व कायदेशीर बाबतींत प्रकल्पाचे प्रतिनिधित्व करणे एवढेच त्याचे काम असून तांत्रिक विकासाची दिशा तो ठरवीत नाही.

या संघाची खरी कसोटी लवकरच लागली. केडीईचा पाया असलेले क्यूटी हे ग्रंथालय ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीच्या मालकीचे होते. कंपनी विकली गेली वा तिने मुक्त आवृत्ती बंद केली तर प्रकल्पाचे काय होईल, ही चिंता सर्वत्र व्यक्त होत होती. १९९८ मध्ये कंपनी व संघ यांच्या करारातून ‘केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन’ स्थापन झाले. ठरावीक मुदतीत मुक्त आवृत्ती निघाली नाही, तर ते ग्रंथालय उदार परवान्याखाली प्रसिद्ध करण्याचा हक्क या प्रतिष्ठानाला मिळाला. पुढे २००८ मध्ये ट्रोलटेक नोकिया कंपनीकडे व २०१२ मध्ये क्यूटीचा व्यवसाय डिजिया कंपनीकडे गेला, तरी हा करार टिकून राहिला. स्वयंसेवकांच्या बाजूने सही करण्यास विधिमान्य व्यक्ती नसती, तर असा करार होऊ शकला नसता.

प्रतिष्ठान या दुसऱ्या रूपाचे ठळक उदाहरण म्हणजे ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ होय. ओपनऑफिस ही कार्यालयीन आज्ञावली सन कंपनीच्या छत्राखाली विकसित होत होती. २०१० च्या प्रारंभी ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली. २८ सप्टेंबर २०१० रोजी सहभागींच्या एका मोठ्या गटाने वेगळे होऊन लिबरऑफिस हा प्रकल्प सुरू केला. मूळ नाव कंपनीच्या मालकीचे असल्याने त्यांना ते सोडावे लागले. जर्मन कायद्यात प्रतिष्ठानाला सभासद नसतात. विशिष्ट उद्दिष्टाला कायमचे वाहून दिलेले धन हाच त्याचा पाया असतो आणि पुढे कोणाला सहजासहजी ते उद्दिष्ट बदलता येत नाही. यासाठी आवश्यक असलेले ५०,००० यूरोंचे भांडवल २०११ च्या प्रारंभी जगभरातील वापरकर्त्यांनी अवघ्या आठ दिवसांत जमविले. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्लिन येथे प्रतिष्ठानाची रीतसर स्थापना झाली. मधल्या काळात एका जुन्या जर्मन संघाने तात्पुरता आश्रय दिला होता.

छत्रसंस्था : प्रत्येक लहान प्रकल्पाने स्वतंत्र निगम काढणे परवडत नाही. हिशेब, करविवरण, संचालकांच्या सभा व विमा यांतच स्वयंसेवकांचा वेळ खर्ची पडतो. यावर उपाय म्हणून एकाच संस्थेने अनेक प्रकल्पांना कायदेशीर आश्रय देण्याची पद्धत पुढे आली. ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ने डेबियनखेरीज पोस्टग्रेएसक्यूएल, आर्च लिनक्स इ. प्रकल्पांचा निधी सांभाळण्यास सुरुवात केली व त्यासाठी देणग्यांतून पाच टक्के रक्कम घेण्याचा प्रघात ठेवला. २००६ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी’ने गिट, सांबा, वाइन, इंकस्केप इ. प्रकल्पांना आपले घटक म्हणून सामावून घेतले. घटक प्रकल्पाची मालमत्ता कॉन्झर्व्हन्सीची असते. मात्र तांत्रिक निर्णय प्रकल्पच घेतो. घरातील सुविधांसाठी उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांनी बिझीबॉक्स या आज्ञावलीच्या परवान्याचा भंग केल्यावरून २००९ मध्ये चौदा कंपन्यांविरुद्ध लावलेल्या दाव्यात कॉन्झर्व्हन्सी वादी होती.

करार करण्याची क्षमता किती मोलाची असते, हे सांबा प्रकल्पाच्या बाबतीत दिसून आले. सांबाद्वारे अन्य प्रणालींवरील संगणक मायक्रोसॉफ्टच्या संगणकांशी संधान बांधू शकतात. १७ सप्टेंबर २००७ रोजी यूरोपीय न्यायालयाच्या निर्णयाने मायक्रोसॉफ्टला आपल्या संदेशवहनाच्या नियमांची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देणे भाग पडले. ती घेण्यासाठी गोपनीयतेच्या अटी असलेला करार आवश्यक होता. डिसेंबर २००७ मध्ये याच कामासाठी निर्माण केलेल्या एका ना-नफा संस्थेने एकदाच १०,००० यूरो देऊन ती माहिती मिळविली व सांबाच्या विकासकांना उपलब्ध करून दिली. न्यायालयाने दिलेला हक्क प्रत्यक्षात उतरविण्यासाठी तो स्वीकारणारी व्यक्ती कायद्याने अस्तित्वात आणावी लागली.

करविषयक अडचणी : अमेरिकेत निगम नोंदविणे सोपे, परंतु कर-सवलत मिळविणे कठीण, असा अनुभव आहे. तेथील महसूल संहितेच्या कलम ५०१ (सी) (३) खाली धर्मादाय, शैक्षणिक, शास्त्रीय इ. उद्दिष्टांच्या संस्थांना प्राप्तिकर माफ होतो व देणगीदारांनाही वजावट मिळते. व्यापारी मंडळांसाठी ५०१ (सी) (६) हे वेगळे कलम असून २००७ मध्ये दोन संस्थांच्या विलीनीकरणातून स्थापन झालेले ‘लिनक्स फाउंडेशन’ त्याखाली येते. त्याचे प्रमुख सभासद कंपन्या आहेत. २०१० च्या सुमारास महसूल खात्याने मुक्त सॉफ्टवेअरशी संबंधित अर्जांची विशेष छाननी सुरू केल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. योर्बा या संस्थेने २००९ मध्ये केलेला अर्ज २०१४ मध्ये फेटाळण्यात आला. संस्थेच्या आज्ञावली कोणीही कोणत्याही हेतूने वापरू शकतो, म्हणून त्यांचा लाभ केवळ धर्मादाय वर्गापुरता राहत नाही, असा खात्याच्या युक्तिवादाचा एक भाग होता. म्हणजे जे स्वातंत्र्य हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्राण, तेच करमाफीच्या आड आले. यानंतर नव्या प्रकल्पांचा कल स्वतंत्र निगमापेक्षा छत्रसंस्थांकडे अधिक झाला.

रचनेतील दोष व त्यांचे परिणाम : निगमन झाले म्हणजे सुरक्षितता आली, असे नाही, रूपाची निवडही महत्त्वाची ठरते. मुक्त प्रकल्पांच्या संभाषणासाठी स्वयंसेवक चालवीत असलेले फ्रीनोड हे जाळे याचे उदाहरण होय. त्याचे नाव एका ब्रिटिश मर्यादित कंपनीकडे होते. २०१७ मध्ये त्या कंपनीची मालकी एका उद्योजकाकडे गेली. पुढे नियंत्रणावरून वाद होऊन मे २०२१ मध्ये बहुसंख्य स्वयंसेवकांनी जाळे सोडले व लिबेरा चॅट हे नवे जाळे स्वीडनमधील ना-नफा संघाच्या रूपाने उभारले. भागांचे हस्तांतर होऊ शकते, तर सभासदत्वाचे होऊ शकत नाही, हा दोन रूपांतील मूलभूत फरक येथे प्रत्ययास आला. छत्रसंस्थाही चिरस्थायी असतातच असे नाही. शेकडो समूहांना आश्रय देणाऱ्या ‘ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन’ या अमेरिकन संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये विसर्जनाचा निर्णय जाहीर केला, तेव्हा तिच्यावर विसंबून असलेल्यांना वर्ष संपण्यापूर्वी दुसरा आश्रय शोधावा लागला.

भारतातील स्थिती : भारतात स्वयंसेवी प्रकल्पांना प्रामुख्याने तीन मार्ग उपलब्ध आहेत. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात अशा संस्थेस सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थाविषयक १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. सार्वजनिक न्यास हा दुसरा मार्ग. तिसरा मार्ग म्हणजे कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम ८ खालील ना-नफा कंपनी होय. १९५६ च्या अधिनियमात ही तरतूद कलम २५ मध्ये होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठी ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया’ ही संस्था जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे सुरू झाली.

भारतीय प्रकल्पांपुढील विशेष अडचण परदेशी देणग्यांची आहे. देणगीदार जगभर विखुरलेले असले, तरी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली मान्यता मिळाल्याखेरीज संस्थेला त्यांची मदत घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. लिबरऑफिस, मोझिला, केडीई इ. प्रकल्पांच्या मराठी आवृत्त्यांसाठी परिभाषा व अनुवाद तयार करण्याचे काम मराठी भाषकांनी केले आहे. हे काम ज्या प्रकल्पांचा भाग बनते, त्यांची नावे व निधी बर्लिन, कॅलिफोर्निया यांसारख्या ठिकाणी नोंदलेल्या संस्थांकडे आहेत. मराठीतील हे श्रम परवान्यामुळे सर्वांना खुले राहतात. परंतु त्या संस्थांच्या निर्णयांत मराठी भाषकांचा आवाज तेथील सभासदत्व मिळविले तरच पोहोचू शकतो.

समारोप : यूरोपीय संघाच्या २०२४ च्या सायबरसुरक्षाविषयक विनियमात मुक्त सॉफ्टवेअरच्या विकासास सातत्याने आधार देणाऱ्या विधिमान्य व्यक्तींचा ‘परिपालक’ असा स्वतंत्र वर्ग मान्य करण्यात आला असून उत्पादकांच्या तुलनेने त्यांच्यावर सौम्य कर्तव्ये सोपविण्यात आली आहेत. या विनियमाच्या प्रमुख तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याचे ठरले आहे. स्वयंसेवकांनी सोयीसाठी घडविलेल्या संस्थेला कायद्याने एक विशिष्ट भूमिका दिल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. निगमनामुळे प्रकल्पाला जीव येत नाही. तो काम करणाऱ्यांमुळेच येतो. अनेक मृतप्राय प्रकल्पांच्या संस्था कागदोपत्री जिवंत राहतात आणि संस्था नसतानाही जोमदार प्रकल्प वर्षानुवर्षे चालतात. परंतु नाव, निधी व जबाबदारी यांचा प्रश्न बहुधा यशाबरोबरच येतो आणि त्या वेळी उत्तर तयार नसेल, तर अनेकांच्या श्रमाचे फळ एकाच्या हाती जाण्याचा संभव असतो. परवाना आज्ञावलीला मुक्त ठेवतो. तिच्याभोवती जमलेल्या समाजाचे जे सामाईक आहे ते सामाईक ठेवण्यासाठी मात्र त्या समाजाला स्वतःची घटना लिहावी लागते. ती लिहिताना मालकी कोणाकडे आणि निर्णय कोणाचा, हे दोन प्रश्न ज्यांनी वेगळे ठेवले, ते प्रकल्प व्यक्तींच्या जाण्यायेण्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिल्याचे आढळते.